विज्ञानाच्या तासाला गोष्टीचं पुस्तक

(बी.एड. आणि डी.एल.एड. करणारे विद्यार्थी व वस्त्यांमध्ये संध्याकाळची अभ्यासिका चालवणारे कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला 'वाचनसंस्कृती' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. या शब्दाची मला थोडी अडचण होते. वाचनसंस्कृती म्हटलं की एक दिवाणखाना डोळ्यांसमोर येतो. भिंतभर पुस्तकं, आरामखुर्चीत आजोबा, त्यांच्या मांडीवर नातू. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी असं होतं? आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी आलेलं पहिलं छापील पुस्तक बालभारतीचं होतं. काहींच्या घरी त्याआधी वंदनेची पुस्तिका आणि चौदा एप्रिलला विकत घेतलेलं बाबासाहेबांचं एखादं चरित्र होतं. तेव्हा संस्कृतीचं राहू द्या. मी एका लहान आणि मोजता येणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. पाचवी ते आठवीतल्या मुलीला विज्ञानाचं, गणिताचं, इतिहासाचं पान वाचून कळतं का? आणि ते कळावं म्हणून गोष्टीच्या पुस्तकांचा काय उपयोग होतो?

माझ्या पीएच.डी.चा विषय शाळेची भाषा आणि जात हा आहे. त्यासाठी मराठवाड्यातल्या काही जिल्हा परिषद शाळांत आणि हैदराबादेत बांधकामावर गेलेल्या मराठी मजुरांच्या वस्तीतल्या एका अभ्यासिकेत मी मागच्या बाकावर बसून असते. संशोधकाचं काम तेच, मागे बसायचं आणि लिहून घ्यायचं. पण मुलं काही आपल्याला संशोधक म्हणून सोडत नाहीत. "ताई, हे काय लिहिलंय?" असं विचारतातच. मग उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देता देता कळतं की प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता.

एक नेहमी दिसणारी गोष्ट सांगते. मराठीच्या तासाला एक मुलगी उभी राहून धडा वाचते. स्वच्छ, न अडखळता. बाई म्हणतात, छान. पुढचा तास विज्ञानाचा. तीच मुलगी तितक्याच स्वच्छपणे वाचते, 'बाष्पीभवन'. जोडाक्षरासकट, एकही मात्रा न चुकवता. सर म्हणतात, छान. मधल्या सुट्टीत मी तिला विचारते, बाष्पीभवन म्हणजे गं काय? ती माझ्याकडे बघते आणि पुस्तकातलं वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवते.

तिला वाचता येतं की येत नाही? आपल्याकडच्या हिशेबात ती 'वाचता येणाऱ्यां'मध्ये धरली जाते. 'असर'चे आकडे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले असतील. २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ मध्ये हा आकडा ४८.८ टक्क्यांवर आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं अजून बाहेरच आहेत, आणि त्यांची चर्चा व्हायलाच हवी. पण ही परीक्षा दुसरीच्या साध्या गोष्टीची आहे. त्यात पास झालेल्या मुलीला परिसर अभ्यासाचं पान कळतं का, हे त्यात मोजलेलं नाही. माझी ही मुलगी त्या पास झालेल्यांमधली आहे. तिच्यासाठी कुठली योजना नाही, कारण कागदावर तिची काही अडचणच नाही.

आणि आता या अडचणीची किंमत वाढली आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवायची वाट राज्यांना मोकळी झाली. महाराष्ट्रानेही ती वाट धरली. कायदा म्हणतो की नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी द्या आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्या. पण त्या दोन महिन्यांत शिकवायचं काय? तेच पान, त्याच भाषेत, जरा मोठ्या आवाजात? ऊसतोडीहून आलेलं, दोन शाळांच्या मध्ये लटकलेलं पोर पाचवीत अडकलं की सहावीत जात नाही, कोयत्यावर जातं. मुलगी असेल तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपण असं धरून चालतो की वाचायला शिकवणं हे भाषेच्या शिक्षकाचं काम आहे, आणि एकदा वाचता आलं की ते सगळीकडे चालतं. तसं नसतं. प्रत्येक विषयाचं वाचन वेगळं असतं. ही काही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १९७५ च्या बुलक समितीने हेच सांगितलं होतं. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही आहे की भाषेचं शिक्षण सगळ्या विषयांत पसरलेलं असतं, म्हणजे गणिताचा शिक्षकही भाषेचा शिक्षक असतो. बी.एड.ला यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. पाच मार्क मिळतात आणि विषय तिथेच मिटतो.

गणितात बघा. 'रमेश आणि सुरेश यांची वये अनुक्रमे १२ व १५ वर्षे आहेत.' बेरीज, वजाबाकी, गुणोत्तर सगळं येणारी मुलं या वाक्यापाशी थांबतात. ती 'अनुक्रमे'पाशी थांबतात. हा शब्द घरात कोणी वापरत नाही, बाजारात वापरत नाही, मराठीच्या धड्यातही फारसा येत नाही. तो फक्त गणिताच्या पुस्तकात राहतो आणि तिथे त्याचा अर्थ कोणी सांगत नाही, कारण गणिताच्या सरांच्या मते तो मराठीचा शब्द आहे आणि मराठीच्या बाईंच्या मते तो गणिताचा. 'प्रत्येकी', 'उर्वरित', 'किमान' यांचंही तसंच. पोराला गणित येत नाही असा शेरा प्रगतिपुस्तकात पडतो.

इतिहासाचं वाचन आणखी वेगळं, आणि माझ्या मते तिथे आपलं सगळ्यात जास्त अडतं. 'त्या काळी अस्पृश्यता पाळली जात असे' या धाटणीचं वाक्य तुम्ही शाळेत किती वेळा वाचलं असेल. 'स्त्रियांना शिक्षणापासून वंचित ठेवले जाई.' 'समाजात अनेक अनिष्ट रूढी होत्या.' या वाक्यांत करणारा कुठे आहे? कोण पाळत असे? कोण ठेवत असे? मराठी व्याकरणाच्या तासाला आपण कर्ता, कर्म, क्रियापद शिकवतो, कर्मणी प्रयोग ओळखायला लावतो. तेच व्याकरण घेऊन इतिहासाच्या तासाला जा. क्रियापदाला 'कोण?' विचारायचं, एवढंच मुलांना शिकवा. सहावीतली मुलं हा खेळ फार आवडीने खेळतात. पुस्तकभर कर्ते शोधत फिरतात आणि हरवलेल्या कर्त्यांची यादी करतात. एका वर्गात एका पोराने मला विचारलं, "ताई, हा समाज म्हणजे कोण माणूस आहे? सगळं तोच करतो." एम.ए.ला समाजशास्त्राची दोन वर्षं घालवून मला इतका नेमका प्रश्न विचारता आला नव्हता.

परत बाष्पीभवनाकडे जाऊ. या शब्दाला आपल्या घरात शब्द नाही असं शिक्षक समजतात. तसं नाही, घरात शब्द जास्त आहेत. चुलीवरचं कालवण आटतं. दोरीवरचे कपडे वाळतात. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की उडून जातं. गुऱ्हाळात रस आटवतात. आटणं, वाळणं, उडणं, आटवणं. पुस्तक या सगळ्यांसाठी एकच शब्द देतं. विज्ञानाची गंमत इथेच आहे की या चार वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी आतून एकच आहेत. पण ही गंमत मुलांना कधी कळेल? आधी त्यांचे चार शब्द फळ्यावर आले तर. आपण उलटं करतो. पाचवा शब्द पहिल्यांदा लिहितो आणि त्यांचे चार शब्द 'अशुद्ध' म्हणून वर्गाबाहेर ठेवतो. ऊस तोडणाऱ्या बापाच्या सदऱ्यावर पाठीमागे पांढरे डाग पडतात ते ज्या मुलाने पाहिलेत, त्याला घामातलं पाणी गेलं आणि मीठ मागे राहिलं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच्याकडे निरीक्षण आहे. पुस्तकातला शब्द त्या निरीक्षणाला जोडून द्यायचा, एवढंच शिक्षकाचं काम.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं ते तुमच्यातल्या अनेकांनी वाचलेलं असेल. त्यातला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा भाग आपण नेहमी सांगतो. अभ्यासक्रमाचा भाग जरा कमी सांगतो. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच त्यांनी दिली होती. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची आणि व्याकरणाची ओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. चालू क्रमिक पुस्तकं व्यवहाराला उपयोगी नाहीत, ती बदलायला हवीत असंही त्यांनी सांगितलं. शिक्षक कसा हवा? शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मिसळणारा, नांगराचा रुमणा हातात धरायला न लाजणारा. वाचणं आणि शेती त्यांनी एकाच शाळेत, एकाच शिक्षकाच्या हाती ठेवली होती. पुढे पंतोजी वेगळा झाला आणि शेती वेगळी झाली.

आता गोष्टीची पुस्तकं. पाठ्यपुस्तक एका पानात दहा गोष्टी कोंबतं. त्याला इलाज नाही, त्याला सगळा जिल्हा उरकायचा असतो. मुलांसाठीचं चांगलं पुस्तक एकाच गोष्टीपाशी थांबतं आणि चित्रं देतं. ज्याच्या घरी त्या विषयावर कोणी बोलत नाही, त्याला ही थांबण्याची जागा फार लागते. पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या घरात ती जागा आई-बाप देतात. जेवताना, गाडीत, रात्री झोपताना. त्यालाच बोर्द्यू सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपल्या वर्गात ते भांडवल पन्नास-साठ रुपयांच्या पुस्तकाने थोडंफार भरून काढता येतं का, असा साधा हिशेब आहे.

दोन पुस्तकं घेऊन सविस्तर सांगते. पहिलं कांचा इलय्यांचं. 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड', २००७ साली नवयान प्रकाशनाने काढलेलं. चित्रं दुर्गाबाई व्याम यांची. आदिवासी, गुराखी, चामड्याचं काम करणारे, कुंभार, शेतकरी, विणकर, धोबी, न्हावी अशी प्रकरणं आहेत आणि प्रत्येक कामामागचं विज्ञान सांगितलं आहे. पुस्तक इंग्रजीत आहे. मी चित्रं दाखवते आणि मराठीत सांगते.

चामड्याचं प्रकरण घ्या. मेलेल्या जनावराचं कातडं दोन दिवसांत कुजायला लागतं. मग त्याला मीठ का लावतात? मीठ पाणी ओढून घेतं आणि पाणी नसलं की कुजवणारे जिवाणू वाढत नाहीत. म्हणजे लोणच्याचं विज्ञान. केस काढायला चुन्याची निवळी. मग बाभळीची किंवा तरवडाची साल, हिरडा. त्यांच्यात टॅनिन असतं, ते कातड्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि कातडं टिकाऊ होतं. आठवीच्या विज्ञानाला यात काय कमी आहे? वनस्पती आहेत, रसायन आहे, सूक्ष्मजीव आहेत. आणि आपल्या भाषेत या कामाला काय म्हणतात? कातडं 'कमावणं'. पैसे कमावणं आणि कातडं कमावणं, शब्द एकच. मुलांना हा शब्द फळ्यावर लिहून दाखवला की ती स्वतःच विचारतात की कमावणारा इतका हुशार होता, तर त्याला गावाबाहेर का ठेवलं. विज्ञानाचा तास इतिहासाच्या तासात शिरतो. शिरू द्यावा.

पण इथे मला एक इशारा द्यायचा आहे आणि तो मी जोर देऊन देणार आहे. हे पुस्तक वाचताना कुठल्याही मुलाकडे बोट दाखवून "तुझ्या घरी हे करतात ना, सांग बघू" असं म्हणायचं नाही. काही उत्साही शिक्षक असं करतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. वर्ग मिश्र जातींचा असतो. त्या एका वाक्याने पोराची जात सगळ्यांपुढे फळ्यावर लिहिली जाते आणि मधल्या सुट्टीत त्याची वसुली होते. मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. त्याला आपण होऊन बोलायचं असेल तर बोलेल. माहिती पुस्तकातून येऊ द्या, पुस्तक त्यासाठीच आहे. पुस्तक सगळ्यांचं असतं आणि कुणाकडे बोट दाखवत नाही.

दुसरा धोका त्याच्या उलट बाजूचा. श्रमाचा गौरव करता करता आपण जातीच्या धंद्याचा गौरव करायला लागतो. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. जातीला श्रमविभागणी म्हणून मिरवणाऱ्यांना त्यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त काय उत्तर दिलं तेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून माझं मत असं आहे, इलय्यांशी ते कदाचित पूर्ण जुळणार नाही. हे प्रकरण शिकवायचं ते 'बघा, तुमचा धंदा किती महान' असं सांगायला नाही. ज्यांना अज्ञानी म्हटलं त्यांच्याकडे ज्ञान होतं, आणि ते ज्ञान असूनही त्यांना दुसरा धंदा निवडायची मुभा नव्हती, या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवायच्या. एक सोडून दुसरी शिकवली की घोळ होतो.

दुसरं पुस्तक 'भीमायन'. २०११ चं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. यात बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधले प्रसंग आहेत. गोरेगावच्या प्रवासाचा प्रसंग मी चार विषयांना वापरलेला पाहिला आहे. १९०१ साल. भीमराव आणि सोबतची मुलं साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. वडिलांकडचं कोणी न्यायला आलेलं नाही, कारण पत्र पोहोचलं तरी निरोप वडिलांच्या कानावर गेलेला नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी तोड निघते की दुप्पट भाडं घ्या आणि गाडी मुलांनीच हाका, गाडीवान पायी चालेल. सोबत डबा आहे पण पाणी नाही. वाटेतल्या नाल्याचं पाणी चिखलाचं, गुरांच्या शेणामुताचं. रात्र तहानेत जाते.

भूगोलाच्या तासाला सातारा जिल्ह्याचा नकाशा काढून मसूर आणि गोरेगाव शोधायचं, अंतर मोजायचं. गणिताच्या तासाला भाड्याचा हिशेब आणि बैलगाडीच्या वेगाचा. विज्ञानाच्या तासाला नाल्याचं पाणी प्यायलायक कसं करता आलं असतं? तुरटी, गाळणी, उकळणं. आणि मग एखादं पोर विचारतंच की उकळायला भांडं आणि विस्तव कोण देणार होतं. नागरिकशास्त्राच्या तासाला तो गाडीवान. त्याला पैसा दुप्पट हवा होता, पण शेजारी बसायचं नव्हतं. यातून अस्पृश्यता आणि गरिबी यातला फरक मुलांना जितका चटकन कळतो तितका व्याख्या पाठ करून कळत नाही. कलम १७ त्यानंतर वाचा.

भीमायनमध्ये वाचनाचा आणखी एक धडा आहे. त्यात नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकोनी चौकटी नाहीत, पान गोंड नक्षीने विभागलेलं असतं. चांगल्या माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आणि विषारी बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. अक्षर न येणारं मूलही ओळखतं की इथे कोण कसं बोलतंय. वाचायला मागे पडलेल्या मुलांपासून सुरुवात करायला म्हणून हे पुस्तक मला फार सोयीचं वाटतं. त्यांना आधी कळतं, मग वाचता येतं. एरवी त्यांच्या वाट्याला नेहमी उलटा क्रम येतो.

आपल्या मुलांना आपल्या पुस्तकांत जागा नाही ही तक्रार फक्त आपली नाही. अमेरिकेत १९२० मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' नावाचं मासिक काढलं, जेसी फॉसेट त्यांच्या सोबत होत्या. ते दोनच वर्षं चाललं. याच डुबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. पुढे १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी मोजणी केली. तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं, त्यात एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली फक्त ६.७ टक्के. १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी म्हटलं की मुलांना पुस्तकं आरशासारखीही हवीत आणि खिडकीसारखीही. आपल्याकडे सगळे आरशाबद्दलच बोलतात. मला खिडकीची तितकीच काळजी आहे. दलित मुलाला फक्त दलितांच्या दुःखाच्या गोष्टी वाचायला देणं हाही एक वाडाच. त्याला डायनोसॉर हवेत, चंद्र हवा, चोर-पोलिस हवेत. आणि पाटलाच्या, देशपांड्यांच्या पोरालाही गोरेगावची बैलगाडी हवी, त्याला तर आधी हवी.

आपल्याकडे २००८ च्या सुमारास हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने 'डिफरंट टेल्स' ही मालिका केली. गोगू श्यामला, मोहम्मद खदीर बाबू यांच्या गोष्टी त्यात आहेत, आणि खदीर बाबूंच्या गोष्टीत घरात मुंडीचं कालवण शिजतं. बस, एवढंच. पण पाठ्यपुस्तकातल्या 'संतुलित आहारा'च्या पानावर कधी मुंडीचं कालवण पाहिलंय? वरण, भात, भाजी, पोळी, दूध, फळं. प्रथिनांच्या धड्याला ही गोष्ट जोडून बघा. वर्गातली काही मुलं पहिल्यांदाच आपण काल काय खाल्लं ते खरं सांगतात. काही नाही सांगणार. त्यांना विचारायचं नाही, हा नियम इथेही.

तुमच्या शाळेतल्या कपाटाची लॅरिकबाईंसारखी मोजणी करा. आटपाट नगर, गरीब ब्राह्मण, राजा, सावकार, साधू, कोल्हा, ससा. यातलं काय किती आहे ते मुलांकडूनच मोजून घ्या आणि स्तंभालेख काढायला लावा. सांख्यिकीचा धडा तसाही शिकवायचाच आहे.

कपाटाचा विषय निघालाच आहे तर बोलते. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत पुस्तकं आहेत. कुलुपात आहेत. साठा नोंदवहीत नोंद आहे आणि पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्या माथी येईल या भीतीने मुख्याध्यापक किल्ली देत नाहीत. सगळा दोष मी त्यांना देणार नाही, ती भीती वरून आलेली आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांवरची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकं असतील. गोष्टीची पुस्तकं हा शब्द कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ही ओळ वाचून दाखवा. समितीत पालक असतात, आपल्या वस्तीतल्या आया असतात. त्यांना सांगा की किल्ली मागणं हा त्यांचा हक्क आहे.

आणि किल्ली मिळेपर्यंत थांबू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठीसह अनेक भाषांत चित्रपुस्तकं आहेत, ती छापून वाटायलाही परवानगी आहे. हैदराबादच्या अभ्यासिकेत एकच गोष्ट मराठीत आणि तेलुगूत शेजारी शेजारी ठेवून वाचतात. मुलं शाळेत तेलुगू, घरी मराठी, कामावर आलेल्यांशी हिंदी बोलतात. शाळा त्यांना 'भाषा कच्ची' म्हणते.

वर्गात करायचं काय, तर फार नाही. धड्याच्या आधी पुस्तकातली चित्रं दाखवा, मोठ्याने वाचा, दहा-पंधरा मिनिटं. मुलांचे शब्द फळ्याच्या डाव्या बाजूला, पुस्तकाचे उजव्या बाजूला. मग त्याच दिवशी पाठ्यपुस्तकाचं पान उघडा. ही शेवटची पायरी गाळू नका. गोष्ट सांगून सोडून दिली तर मुलं खूश होतात, परीक्षेत तेच 'बाष्पीभवन' पुन्हा समोर उभं राहतं आणि आपण पुन्हा तिथेच. गोष्टीवरून पाठ्यपुस्तकाच्या पानावर जायचं आहे. ते पान आवडो न आवडो, आपल्या मुलांना त्यावरून पुढे जायचं आहे.

पालक म्हणतील, गोष्टी कसल्या सांगता, इंग्रजी शिकवा. त्यांची चूक नाही. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकायचा आग्रह धरला होता, तो उगाच नव्हता. आता सेमी-इंग्रजीमुळे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून आलं आहे. म्हणजे डावीकडे आटणं-वाळणं, मध्ये बाष्पीभवन, उजवीकडे इव्हॅपोरेशन. फळ्याला तिसरा रकाना आला, एवढाच फरक. पण डावा रकाना पुसून उजवा भरता येत नाही. ज्यांनी तसं केलं त्यांची मुलं तिन्ही शब्द पाठ म्हणतात आणि तिन्हींचा अर्थ विचारला की माझ्याकडे बघतात.

या टेबलावर मी वीस-बावीस पुस्तकं आणली आहेत आणि शेजारी पाचवी ते आठवीची पाठ्यपुस्तकं. चहाच्या सुट्टीत प्रत्येक दोघांनी एक गोष्टीचं पुस्तक घ्या आणि ते पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या पानाला लागू पडतं ते शोधून पान क्रमांक लिहून आणा. मराठीचं पुस्तक सोडून. 'भीमायन'ची एकच प्रत आहे आणि ती माझी आहे, तेवढी परत द्या. परतल्यावर तुमची पानं बघू आणि मग प्रश्न घेऊ.